अहंकार म्हणजे माज नव्हे

लोकलमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा, घरी असाल तर पाच मिनिटं भांडी तशीच राहू द्या. आज अहंकार आणि आत्मा. ह्या दोघांचं एकमेकांशी नक्की नातं काय?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, अहंकार मारायचा कसा? पण एका मुलीचा मेसेज वेगळा होता. एमपीएससीचे चार अटेम्प्ट झालेत. पूर्व निघते, मुख्यला गाडी अडते. तिनं लिहिलंय की, "दादा, मला अहंकार असायला आधी माझ्यात काही असायला हवं ना. मी शून्य आहे. त्यामुळे हा विषय माझा नाही."

ताई, हा विषय सगळ्यात आधी तुझाच आहे.

कारण मराठीत एक घोळ झालाय. आपण अहंकार म्हटलं की माज, गर्व, ताठा असंच समजतो. मोठी गाडी घेतलेला भावकीतला माणूस डोळ्यासमोर येतो. पण सांख्य दर्शनात हा शब्द शिवी म्हणून येतच नाही. तिथे तो एका कामाचं नाव आहे. कुंभकार जसा कुंभ घडवतो, तसा अहंकार 'मी' घडवतो, असा त्याचा एक अर्थ लावतात. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका दीड हजार वर्षांहून जुनी, श्लोक जेमतेम ७० च्या आसपास. तिच्यात क्रम असा आहे: आधी प्रकृती, तिच्यातून बुद्धी, बुद्धीतून अहंकार आणि अहंकारातून पुढे मन, इंद्रियं वगैरे. म्हणजे अहंकार तुमच्या आतली एक यंत्रणा झाली. समोर जे येईल त्यावर 'माझं' असा शिक्का मारणारी. मार्क आले, मारला शिक्का. नापास झालात, त्यावरही मारला.

आता बघा, "मी लय भारी" आणि "मी शून्य" ह्या दोन वाक्यांत शिक्का एकच आहे. शाई फक्त वेगळी. स्वतःला तुच्छ समजणं म्हणजे नम्रपणा, असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात. मला हे साफ चुकीचं वाटतं. स्वतःला दिवसभर कोसणारा माणूससुद्धा दिवसभर स्वतःभोवतीच फिरत असतो, आणि बिचारा त्यात पोळतोही जास्त.

मग आत्मा कुठे? सांख्य त्याला पुरुष म्हणतं, म्हणजे फक्त पाहणारा, साक्षी. तो काही करत नाही, पास होत नाही, नापासही होत नाही. जुन्या ग्रंथांतला एक दृष्टांत मला फार आवडतो. पारदर्शक स्फटिकाशेजारी जास्वंदीचं फूल ठेवलं की स्फटिक लाल दिसतो. तो लाल झालेला नसतो, फूल बाजूला केलं की पुन्हा स्वच्छ. तसंच अपयशाचा रंग आपल्यावर दिसतो आणि आपण म्हणतो, मीच लाल. इथे फूल वाईट नाही, स्फटिकही बिघडलेला नाही. गडबड होते ती दोघांना एकच समजण्यात. सगळं नातं इथे आहे.

हे फक्त पोथीतलं वाटत असेल तर गिरगावात चला, खेतवाडीत. तिथे मारुती शिवरामपंत कांबळी नावाचे गृहस्थ विडीचं दुकान चालवायचे. जन्म १८९७चा, लहानपण कोकणात कांदळगावला. १९३३ साली त्यांना सिद्धरामेश्वर महाराज भेटले. गुरूंनी सांगितलेली साधना एवढीशीच होती: 'मी आहे' ही जी जाणीव आहे, तिला धरून राहा. 'मी अमुक आहे' नव्हे, नुसतं 'मी आहे'. तेच पुढे निसर्गदत्त महाराज म्हणून ओळखले गेले. घराच्या माळ्यावर बसून मराठीत बोलायचे आणि परदेशातून आलेले लोक दुभाष्यामार्फत ऐकायचे. मॉरिस फ्रीडमन यांनी त्या संवादांचं इंग्रजी केलं, १९७३ साली 'आय ॲम दॅट' हे पुस्तक आलं आणि जगभर गेलं.

मला ह्यात ते दुकान महत्त्वाचं वाटतं. गुरू गेल्यावर ते घर सोडून निघाले होते, पण परत आले आणि विड्याही विकल्या. गिऱ्हाईकाला सुटे पैसे द्यायला 'मी दुकानदार' हा शिक्का लागतोच. परीक्षेचा फॉर्म भरायलाही लागतो. त्यामुळे "अहंकार मारा" हा सल्ला मला पटत नाही. तो हाताखालचा कारकून आहे, त्याला काम करू द्या. फक्त मालकाच्या खुर्चीत बसवू नका.

आणि अजून एक. "तुझा इगो बाजूला ठेव" हे वाक्य घरात बहुतेक वेळा सुनेलाच ऐकवतात आणि ऑफिसात ज्युनियरला. अन्यायाला नाही म्हणणं हा अहंकार नव्हे. अध्यात्माच्या नावाखाली तुम्हाला कुणी गप्प बसवत असेल, तर आधी त्याचा शिक्का तपासा.

कमेंटमध्ये कुणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच सांगतो. बुद्धांनी नित्य आत्मा मानलाच नाही आणि बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये आत्म्याची कल्पना नाकारली. तो वाद मोठा आहे, त्याला वेगळा भाग लागेल. पण 'मी, माझं' ही पकड सैल करायची, ह्यावर ती मंडळीही ठाम आहेत.

तर ताई, रिझल्टच्या रात्री "मी शून्य" हा विचार आला होता. तो आला हे तुला कळलं. मग ज्याला कळलं, ते शून्य कसं? ह्यावर लगेच उत्तर देऊ नकोस. अभ्यास करताना, चहा घेताना एवढंच पकड की आत्ता शिक्का बसला. पाचवा अटेम्प्ट द्यायचा की नोकरी बघायची, हा हिशेब पैशांचा आणि वयाचा आहे. तो घरच्यांसोबत वही घेऊन बसून कर, त्यात आत्म्याला ओढू नकोस. आणि झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर पॉडकास्ट बंद कर आणि १४४१६ ला फोन लाव. टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

पुढच्या भागात बुद्धांचा अनात्मवाद घेऊ. प्रश्न व्हॉईस नोटने पाठवा, एक मिनिटाच्या आत, प्लीज. चला, भेटू.