गुण कमी पडले, आता पुढे काय?

मार्च महिन्यात 'गेट'चा निकाल लागतो आणि पुढचे आठ-दहा दिवस आमच्या स्टाफरूमच्या दाराशी वर्दळ वाढते. चांगले गुण मिळालेली मुले पेढे घेऊन येतात. त्यांना फार वेळ द्यावा लागत नाही. कमी पडलेली मुले बाहेर घुटमळतात आणि गर्दी ओसरली की आत येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "सर, आता एम.टेक.चं विसरायचं का?" गेली पंचवीस वर्षे अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की आज त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावे असे वाटते.

ज्यांच्या घरात ही परीक्षा अजून पोचलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अभियांत्रिकी आणि विज्ञान शाखांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी देशपातळीवर घेतली जाणारी ही परीक्षा. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि सात जुन्या आयआयटी ती आळीपाळीने घेतात. तीन तास, पासष्ट प्रश्न, शंभर गुण. पण निकालपत्रावर या शंभरातल्या गुणांखेरीज हजारापैकी एक 'स्कोअर' येतो आणि घरोघरचा गोंधळ तिथेच सुरू होतो.

एका मुलाचे वडील मला म्हणाले, "हजारात चारशे दहा म्हणजे एक्केचाळीस टक्केच की हो! बारावीला ब्याण्णव होते त्याला." मी त्यांना कागदावर मांडून दाखवले. बसलेल्या सगळ्यांच्या गुणांची सरासरी काढायची, तिच्यात प्रमाण विचलन मिळवायचे. ती बेरीज किंवा पंचवीस गुण, यांतला जो आकडा मोठा, ती खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषा. म्हणजे सरासरी विद्यार्थी या परीक्षेत पात्र ठरतच नाही. या रेषेवर जो उभा आहे त्याचा स्कोअर धरला जातो ३५०. सर्वांत वरच्या ०.१ टक्का मुलांच्या सरासरी गुणांना मिळतो ९००. चारशे दहावाला मुलगा लाखोंच्या गर्दीतून रेषेच्या वर आलेला आहे. त्याला नापास म्हणणे हा हिशेबाचा घोटाळा झाला. अर्थात संगणकशास्त्रासारख्या विषयाला जुन्या आयआयटीचे दार खुल्या प्रवर्गात एवढ्यावर उघडत नाही, हेही तितकेच खरे. खोटा दिलासा मी कुणाला देत नाही.

म्हणून कमी गुण म्हणजे काय, याचे दोन भाग करावेत. एक, रेषेच्या वर पण मनातल्या संस्थेसाठी अपुरे. दोन, रेषेच्या खाली.

पहिल्या गटातल्या मुलांच्या हातात बरेच काही असते, पण त्यांना ते दिसत नाही. हा स्कोअर तीन वर्षे चालतो. एनआयटींचे प्रवेश आयआयटींपेक्षा वेगळ्या, सामायिक फेऱ्यांतून होतात. तिथे शाखा आणि संस्था यांची यादी नीट अभ्यासून भरली, तर कमी गर्दीच्या विषयांत जागा मिळू शकते. राज्यातल्या जुन्या सरकारी आणि अनुदानित संस्था आहेतच. मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ एम.टेक.ला बसणाऱ्या गेट-पात्र विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती असते. ज्या घरात धाकट्या भावंडाची फी भरायची बाकी आहे, त्या घराला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आणखी एक रस्ता संशोधनावर आधारित एम.एस.चा. मुंबई, मद्रास अशा आयआयटींत तो आहे. तिथे स्कोअर मुलाखतीच्या दारापर्यंत नेतो. पुढची निवड बरीचशी मुलाखतीवर असते.

या मुलाखतींबद्दल मुलांच्या मनात उगाच धास्ती असते. तुमचा आवडता विषय कोणता, असे विचारतात आणि मग त्याच्या मुळाशी जातात. म्हणून दोन विषय निवडा आणि ते पहिल्या धड्यापासून पक्के करा. येत नसेल तर "येत नाही" म्हणा. थापा पाचव्या मिनिटाला उघड्या पडतात. स्कोअरबद्दल विचारले तर एका वाक्यात खरे कारण सांगा आणि आपल्या प्रोजेक्टकडे वळा. शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या माणसाकडून घेण्यापेक्षा, ज्यांनी तुम्हाला प्रयोगशाळेत काम करताना पाहिले आहे त्यांच्याकडून घ्या.

आता दुसरा गट, रेषेखाली राहिलेल्यांचा. त्यांना मी आधी त्यांची उत्तरपत्रिका उतरवून आणायला सांगतो. आपण नोंदवलेली उत्तरे आणि अधिकृत उत्तरसूची दोन्ही संकेतस्थळावर मिळतात. कागदावर तीन रकाने करायचे : येतच नव्हते, येत होते पण चुकले, वेळ पुरला नाही. बहुतेक अभियांत्रिकी शाखांत सामान्य क्षमता चाचणीला पंधरा आणि गणिताला तेरा गुण असतात. हे अठ्ठावीस गुण मुले शेवटच्या महिन्यावर ढकलतात. शिवाय बहुपर्यायी प्रश्न चुकला तर त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. ज्यात उत्तराचा आकडा स्वतः लिहायचा असतो, त्याला मात्र कापाकापी नाही.

माझी एक विद्यार्थिनी स्थापत्य शाखेची. रेषेला तीन गुण कमी पडले. रकाने भरल्यावर दिसले, की अंदाजाने ठोकलेल्या उत्तरांतच तिचे पाच गुण गेले होते. तिला एक वर्ष हवे होते. घरी मात्र स्थळे पाहायला सुरुवात झाली होती. मुलग्याचे वर्ष 'तयारीचे' असते, मुलीचे वर्ष 'रिकामे' असते, हा आपल्याकडचा न लिहिलेला नियम आहे. तिने तो कागद वडिलांपुढे ठेवला आणि म्हणाली, "आप्पा, मला विषय येत नाही असं यात कुठं दिसतंय का?" वडील शेतकरी, हिशेबाचे पक्के. त्यांनी वर्ष दिले. दुसऱ्या खेपेस ती पात्र ठरली, फार वरची नव्हे. शिष्यवृत्तीवर राज्यातल्याच एका संस्थेत शिकली आणि आज धरणांच्या तपासणीचे काम करते.

पण प्रत्येक वेळी थांबणे शहाणपणाचे नसते. दुसऱ्या एका मुलाने तीन वर्षे पुण्यात खोली घेऊन क्लास लावले. पहिला रकाना दरवर्षी तेवढाच लांब राहिला. चौथ्या वर्षी तो माझ्याकडे आला तेव्हा मी विचारले, "तुला एम.टेक. कशासाठी करायचं आहे?" बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "सगळे करतात म्हणून." त्याला यंत्रे उघडण्यात रस होता, आज तो ते काम उत्तम करतो. त्याचा स्कोअर तीनदा खरेच बोलत होता, ऐकायला कुणी तयार नव्हते.

म्हणून माझे सांगणे एवढेच. गुण कमी आले तर आधी ते वाचायला शिका. 'चुकले' आणि 'वेळ पुरला नाही' हे रकाने मोठे असतील तर एक वर्ष द्या, पण एकच, आणि शक्य तर नोकरी किंवा प्रोजेक्टचे काम हाताशी ठेवून. 'येतच नव्हते' हा रकाना मोठा असेल तर आधी तो विषय आपल्याला हवा आहे का, हे स्वतःला विचारा. हवा असेल तर पुस्तक पहिल्या पानापासून उघडा. नको असेल तर तसे सांगायला लाजू नका.

आणि पालकांना एक विनंती. निकालाच्या रात्री मुलाला शेजारच्याचा स्कोअर विचारू नका. दुसऱ्या दिवशी कागद आणि पेन घेऊन त्याच्या शेजारी बसा. विषय कळला नाही तरी चालेल, रकाने मोजता आले की पुरे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)