भिंत वाळेपर्यंत



पुरानंतरची घरदुरुस्ती आणि विमा हा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, आपल्या आळेफाट्याला कसला आलाय पूर? प्रश्न रास्त आहे. माळशेजच्या घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस इथवर येईपर्यंत विरळ होतो. आपलं गाऱ्हाणं पाणी जास्त झाल्याचं नसतं, कॅनॉलचं आवर्तन वेळेवर सुटत नाही याचं असतं. पण घरात पाणी शिरायला नदीच लागते असं नाही. रस्ता दर नव्या थराबरोबर वर येतो आणि कडेची घरं-दुकानं खाली राहतात. ओढ्यात भराव पडतो. मग परतीच्या पावसाचा एक तास पुरतो. आणि डोंगराकडची गोष्ट तर आपल्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलीच आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण गावावर दरड आली आणि १५१ माणसं गेली. घराच्या विम्यात पूर आणि दरड एकाच यादीत येतात, म्हणून आज दोन्ही डोळ्यांसमोर ठेवूनच बोलतो.

नुकसानीची पाहणी हे माझं काम. पाणी ओसरल्यावर घराचं काय होतं हे मी सर्वांत जवळून पाहिलं ते चिपळूणला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचं पाणी बाजारपेठेत घुसलं. जवळपास पहिल्या मजल्याला टेकलं. त्याआधी २००५ मध्येही तिथे असंच पाणी आलं होतं. १८६४ पासूनचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर दोन्ही वेळा बुडालं, पुस्तकं लगद्यासारखी झाली. पाणी उतरलं आणि मागे चिखल राहिला. स्विचबोर्डाचं झाकण उघडलं की आत गाळाची वडी बसलेली. कपाटाची प्लायवुडची पाठ फुगून पानं सुटल्यासारखी झालेली.

आता त्या वर्षी गणपती कधी होते पाहा. १० सप्टेंबरला. पुरानंतर बरोबर पन्नास दिवसांनी. कोकणातला माणूस कर्ज काढेल, पण गणपती रंग न लावलेल्या घरात बसवणार नाही. म्हणून ऐन श्रावणात, हवेत दमटपणा असताना, जांभ्याच्या ओल्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढला आणि त्यावर ऑइलपेंट. एका घरी मी दिवाळीनंतर पुन्हा गेलो. रंगाला फोड आले होते, बोट लावलं की पोपडा हातात येत होता आणि मागे पांढरा लोणा फुललेला. जांभा सच्छिद्र असतो, तो पाणी पितो आणि हळूहळू सोडतो. बाहेर पडायची वाट ऑइलपेंटने बंद केली की ते पाणी क्षार घेऊन रंगाच्या मागे साचतं. त्या घराने गिलाव्याचा आणि रंगाचा खर्च दोनदा केला. श्रद्धेला मी दोष देत नाही. त्या वर्षी नुसता चुना मारून गणपती बसवले असते, तर देवाला काही कमी पडलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

आज मला मुख्य सांगायचं आहे ते हेच. दुरुस्तीचा निर्णय भिंत घेते, आपण नाही. नऊ इंची विटेची भिंत वाळायला महिने लागतात. पाण्याची रेघ जिथे दिसते त्याच्या वर हात-दीड हातापर्यंत गिलावा काढून टाका, कारण ओल रेघेपाशी थांबत नाही, वर चढते. भिंत वाळली का हे पाहायला यंत्र लागत नाही. प्लॅस्टिकचा कोरडा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला चिकटवा, रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर थांबा.

पाणी किती उंच चढलं हे सगळे विचारतात. किती दिवस राहिलं हे कोणी विचारत नाही. चिपळूणचं पाणी लवकर उतरलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, आणि सांगली-कोल्हापूरच्या कित्येक वस्त्यांत पाणी दिवसच्या दिवस ठाण मांडून होतं. विटा-सिमेंटचं घर हे सोसतं. मातीत बांधलेलं सोसत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतले मातीच्या बांधणीचे वाडे कोसळले, आणि पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहती नव्याने वसवाव्या लागल्या. आपल्या जुन्नर तालुक्यात आजही बाहेरून दगड आणि आत पांढरीची माती अशा भिंती आहेत. अशी भिंत भिजली की तिला पोट सुटतं. ऊन पडल्यावर आतली माती आकसते आणि सगळं निवलं असं वाटत असताना भिंत बसते. पोट सुटलेल्या भिंतीवर गिलावा करू नका. टेकू द्या, माणसं बाहेर झोपवा आणि तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधा.

भिंत उघडी असते तेव्हाच सुधारणा स्वस्तात होते. प्लगचे पॉइंट पाण्याच्या रेघेच्या वर घ्या. ओट्याखाली भुशाच्या बोर्डाची कपाटं परत करू नका, कडप्पा लावा. पण हा जादा खर्च विमा देत नाही. तो होतं तसं उभं करून देतो. सुधारणा आपल्या खिशातून.

आता विम्याकडे येऊ. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच साच्याची पॉलिसी द्यावी लागते. लोकांची सर्वांत मोठी गफलत रकमेत होते. फाट्यावर हायवेलगतच्या जागेला सोन्याचा भाव आहे, म्हणून घर ऐंशी लाखांचं धरतात आणि हप्त्याला घाबरतात. पण जमीन वाहून जात नाही. विमा बांधकामाचा काढायचा. समजा कार्पेट क्षेत्र ९०० चौरस फूट आणि बांधकामाचा दर २,००० रुपये, तर रक्कम झाली १८ लाख. इमारतीच्या विम्यासोबत घरातल्या सामानाला आपोआप त्याच्या २० टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजारांचं संरक्षण मिळतं. त्याची कमाल मर्यादा १० लाख. सोनं-दागिने त्यात येत नाहीत, ते वेगळे नोंदवावे लागतात. ढिगारा उचलायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि इंजिनिअरच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. घराची रक्कम थोडी कमी लिहिली गेली, तरी या पॉलिसीत त्या कारणाने दावा कापत नाहीत.

दुकानाचं तसं नाही, आणि हे गाव व्यापाऱ्यांचं आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. दहा लाखांचा माल असताना पाच लाखांचाच विमा असेल आणि दोन लाखांचा माल भिजला, तर हातात एक लाख पडतात. छोट्या व्यवसायांच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढची नाही. दिवाळीआधी गोदाम भरता तेव्हा रक्कम वाढवून घ्या.

ज्यांच्या घरावर कर्ज आहे त्यांनी बँकेतून पॉलिसीची प्रत मागून आणावी. पुष्कळदा विमा असतो, हप्ता कर्जात धरलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो. रक्कम फक्त कर्जाएवढी आहे का, सामान धरलंय का, हे वाचा. दाव्याची रक्कम आधी बँकेकडे जाऊ शकते हेही लक्षात असू द्या.

पाणी ओसरलं की आपली माणसं पहिल्यांदा झाडू हातात घेतात. आधी मोबाइल घ्या. भिंतीवरची रेघ, प्रत्येक खोली, फ्रिज-टीव्हीवरचा मॉडेल नंबर, सगळ्याचे फोटो काढा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत भिजलेलं सामान भंगारात देऊ नका. वास सुटला, बाहेर काढावंच लागलं, तर फोटो काढून अंगणात ठेवा. फ्रिज, मोटर, पंप चालू करून पाहायचा मोह आवरा. गाळ धुऊन, वाळवून, वायरमनकडून तपासल्यावरच वीज जोडा.

तलाठ्याचा पंचनामा वेगळा, सर्व्हेअरची पाहणी वेगळी. दोन्ही करून घ्या. २०२१ मध्ये सरकारने पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, निम्म्या पडझडीला ५० हजार आणि दुकानदाराला ५० हजार रुपये जाहीर केले. त्या पैशांत घर उभं राहत नाही, पण उभं राहायची सुरुवात होते, म्हणून तो हक्क सोडू नये. महसूल खात्याचे पंचनामे विमा कंपन्यांनी ग्राह्य धरावेत आणि निम्मी रक्कम आधी द्यावी अशी मागणीही तेव्हा राज्याने केली होती. ती मागणी योग्य होती आणि कायमची मान्य व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. ओल्या घरात बसलेल्या माणसाला कागदासाठी हेलपाटे घालायला लावणं हा अन्याय आहे. दावा नाकारला किंवा कमी दिला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्यात विमा लोकपालाचं कार्यालय आहे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

शेवटी भाडेकरूंबद्दल. फाट्यावर नोकरी-धंद्यासाठी आलेली कितीतरी कुटुंबं तळमजल्याच्या खोल्यांत राहतात, आणि पाणी पहिल्यांदा त्यांच्याच घरात शिरतं. विमा घरमालकानेच काढायचा, हा समज चुकीचा आहे. भाडेकरूला नुसत्या सामानाचा विमा काढता येतो. मालकाच्या पॉलिसीतून त्याच्या शिलाई मशीनचे किंवा मुलीच्या लॅपटॉपचे पैसे मिळत नाहीत. भाडेकरार आणि सामानाची बिलं जपून ठेवा. बिल नसेल तर वस्तूंचे फोटो काढून नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा, म्हणजे घरातला मोबाइल भिजला तरी ते राहतील.