मैदान सोडू नका



निमंत्रणात विषय दिला होता ‘त्वचारोगशास्त्रातील संधी’. संधी भरपूर आहेत. पण त्या ओपीडीत रुग्णासमोर बसून कळतात, व्यासपीठावरून नाही. आज मला एका डॉक्टरविषयी बोलायचंय. मिलुतिन इव्कोविच. जन्म १९०६, बेलग्रेड.

हा सर्बियन डॉक्टर युगोस्लाव्हियाच्या फुटबॉल संघाचा राइट बॅक होता. देशासाठी ३९ सामने खेळला, गोल एकही नाही. गोल करणं त्याचं कामच नव्हतं; होऊ न देणं हे काम! १९३० साली पहिला विश्वचषक मॉन्टेव्हिडिओत भरला, तेव्हा हा कर्णधार. बोटीने अटलांटिक ओलांडून गेलेल्या या संघाने ब्राझीलला २-१ असं हरवलं, बोलिव्हियाला ४-०. उपांत्य सामन्यात उरुग्वेने ६-१ अशी धूळ चारली. आणि हे सगळं मेडिकलचा अभ्यास सांभाळून! पुढे १९३४ मध्ये तो डॉक्टर झाला.

पहिल्या रांगेतल्या फुटबॉल टीमच्या मुलांनो, आणि मागे बसलेल्या खो-खोच्या मुलींनो, ‘फर्स्ट एमबीबीएस आहे, खेळ बंद’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मैदान सोडू नका. हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरायचं, हे मला पाठ्यपुस्तकाने शिकवलं नाही.

इव्कोविच मैदानाबाहेरही बचावाची जागा सोडून हलला नाही. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकवर बहिष्कार घाला, असं तो उघडपणे सांगत होता. पुढे नाझींनी बेलग्रेड घेतलं, तेव्हा तो प्रतिकार चळवळीत होता. मे १९४३ मध्ये त्याला पकडलं आणि २५ तारखेला बेलग्रेडजवळच्या यायिन्त्सीत गोळ्या घातल्या. वय ३७.

मघाशी हॉस्टेलमागच्या आपल्या मैदानावर जाऊन आलो. आमच्या वेळी जुलैत तिथल्या चिखलात लोळून आलो की मेसच्या मावशी आधी नळाखाली उभं करायच्या, मगच ताट वाढायच्या. आज तिथे दुचाकींचं पार्किंग आहे. फार वाईट वाटलं. अधिष्ठाता महोदय, हात जोडून विनंती करतो, गाड्या दुसरीकडे हलवा आणि ते मैदान मुलांना परत द्या. गोलपोस्टचा आणि जाळ्यांचा खर्च आमची बॅच करेल.