तिकडचा ‘का’, इकडचा ‘का’

श्रोतेहो, आमच्या उमरेडहून नागपूर साधारण पन्नास किलोमीटर. माझ्या कॉलेजच्या दिवसांत आम्ही नागपूर–नागभीड लाइनच्या छोट्या गाडीने जात असू. नोव्हेंबर २०१९ मध्ये रूळ रुंद करण्यासाठी ती गाडी बंद झाली. तिच्या खिडकीतून बाहेरचा माणूस ओळखू येई आणि त्याच्याशी दोन शब्द बोलूनही होत, इतकी ती सावकाश चालायची. त्या गाडीतून ट्रंक घेऊन मी बी.ए. करायला नागपूरला गेलो, तेव्हा आपण फार दूर देशी आलो असे मला वाटले होते.

माझी भाची एप्रिल २०२४ मध्ये जपानी भाषा शिकायला तोक्योला गेली. तिथून तिने मला पहिली गंमत कळवली, ती गाडीचीच. ‘मामू, इथल्या साध्या गाड्यासुद्धा ब्रॉडगेज नाहीत!’ ते खरेच आहे. बुलेट ट्रेन सोडली तर जपानमधले बहुतेक रेल्वेमार्ग १०६७ मिलिमीटर रुंदीचे आहेत, म्हणजे आपल्या मीटरगेजच्या जवळपास. आमची उमरेडची गाडी ७६२ मिलिमीटरवर चालायची. फरक एवढाच की तिकडची गाडी मिनिटाला मिनिट मिळवून येते आणि आमची कधी तासाला तास मिळवूनही येत नसे.

जपानची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिचे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा उमरेडला साडेसहा झालेले असतात. त्या सुमारास तिचा फोन येतो. सुरुवातीचे दिवस कागदपत्रांचेच होते. विमानतळावर परदेशी माणसाला रहिवासी कार्ड मिळते. घर मिळाल्यापासून चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन त्यावर पत्ता नोंदवून घ्यायचा. तिथेच आरोग्य विम्यात नाव घालायचे. विद्यार्थ्याला काम करायचे असेल तर वेगळी परवानगी घ्यावी लागते आणि एरवीच्या दिवसांत आठवड्याला अठ्ठावीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. ती एका दुकानात संध्याकाळी काम करू लागली. सकाळी शाळा, संध्याकाळी दुकान आणि रात्री पाठांतर.

प्रत्येक फॉर्मवर नाव लिहायचे असे आणि तिथेच पहिली ठेच लागली. परदेशी नावे जपानमध्ये काताकाना लिपीत लिहितात. त्या भाषेत ‘ल’ नाही. तिच्या नावातल्या ‘ल’चा ‘र’ झाला आणि शेवटी एक ‘उ’ चिकटला. पहिल्या दिवशी वर्गात हजेरी झाली तेव्हा आपले नाव पुकारले गेले हे तिला कळलेच नाही. ‘मामू, मी समोर बसून गैरहजर लागले,’ असे म्हणून ती हसली. मग थोडा वेळ काही बोलली नाही.

तिच्या वर्गात चीन, नेपाळ आणि व्हिएतनामची मुले आहेत. शिक्षिका जपानीशिवाय दुसऱ्या भाषेत बोलत नाहीत. मुलांनाही एकमेकांशी बोलायला समाईक भाषा एकच, ती म्हणजे मोडकी जपानी. अक्षरे तीन तऱ्हांची. हिरागाना आणि काताकाना यांची मूळ अक्षरे प्रत्येकी सेहेचाळीस आणि त्यांवर चिनी वळणाच्या कांजी. कांजी म्हटले की आम्हाला आजाऱ्याची पेज आठवते, पण ही कांजी चांगल्या माणसाला आजारी पाडणारी आहे. सरकारने नित्य वापरासाठी ठरवलेल्या कांजी दोन हजार एकशे छत्तीस आहेत. आमच्या पोरीने सगळ्यांत आधी दोन शिकून घेतल्या, एक डुकराची आणि एक दारूची. दुकानातल्या पाकिटावर यांपैकी एक जरी दिसली तरी पाकीट परत ठेवायचे. बाकी बॅगेत तिच्या आईने भिवापुरी मिरचीचे तिखट दिलेलेच होते. त्यावर भात निभावला.

ती गेली आणि आठवड्यातच ईद आली. तोक्योत योयोगी-उएहारा स्टेशनाजवळ एक मोठी मशीद आहे. रशियातून परागंदा होऊन आलेल्या तातार लोकांनी १९३८ मध्ये ती बांधली. जुनी इमारत पाडल्यानंतर २००० साली तुर्कस्तानच्या मदतीने नवी उभी राहिली. तिथे ती गेली. एका अनोळखी इंडोनेशियन बाईने तिला मिठी मारली. दोघींना बोलायला परत जपानीच!

पण श्रोतेहो, खरी गंमत पुढे आहे. हिरागानाचा क्रम तिने मला म्हणून दाखवला. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. मी म्हटले, अग, ही तर आपली बाराखडी! बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतची सिद्धम् लिपी आणि वर्णमाला चीनमार्गे जपानला पोचली आणि त्यांच्या अक्षरांचा क्रम त्या वळणावर लागला. वाक्याची घडणही आपल्यासारखीच आहे. आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. आपण ‘चा-ची-चे’ जिथे लावतो तिथे ते ‘नो’ लावतात. आणि प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी काय येते? ‘का’! ‘इकिमासु का’ म्हणजे ‘जाता का?’ इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे उलटे वाटते, पण मराठी पोरीला ते घरचे वाटले.

अदबही ओळखीची निघाली. स्वतःच्या वडिलांना बाहेरच्यांपुढे ‘चिची’ म्हणायचे, दुसऱ्याच्या वडिलांना मात्र आदराने ‘ओतोसान’. आमच्या घरी अब्बा पाहुण्यांपुढे आपल्या घराला गरीबखाना म्हणत आणि त्यांच्या घराला दौलतखाना. दोन्ही घरे कौलारूच होती.

सहा महिने ती वसतिगृहात राहिली. मग खोली शोधायची वेळ आली. तिकडे जामीनदार लागतो, आगाऊ रक्कम लागते आणि पुष्कळदा घरमालकाला ‘रेइकिन’ म्हणजे आभाराचे पैसे द्यावे लागतात, ते परत मिळत नाहीत. तेवढी तजवीज तिने केली होती. पण चार ठिकाणी एजंटाने फोन लावला, चारही ठिकाणी ‘परदेशी नको’ असे उत्तर आले. त्या रात्री ती म्हणाली, ‘मामू, मी परत येऊ का?’

तिकडचा की इकडचा, तो ‘का’ कुठला होता कुणास ठाऊक. मी तिला एक गोष्ट सांगितली, जी मी घरात कधी सांगितली नव्हती. १९८९ साली नागपुरात मी खोली शोधत होतो. एका घरमालकांशी तासभर गप्पा झाल्या. विषय होता तुकाराम. त्यांनी चहा पाजला, भाडे ठरले. निघताना त्यांनी नाव विचारले. मी सांगितले. दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन गेलो, तर त्यांच्याकडे अचानक पाहुणे येणार होते. असे आणखी दोनदा झाले. ‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो!’ हे वाक्य मी आजही ऐकतो, उमरेडमध्ये जन्मलो असूनही. प्रत्येक वेळी मला ते पाहुणे आठवतात.

‘मग मराठी सोडली का नाही तुम्ही?’ तिने विचारले.

मी म्हटले, चौथ्या घरातल्या म्हातारीमुळे. तिनेही नाव विचारले, ऐकले आणि म्हणाली, ‘जेवलास का?’ तीन वर्षे मी तिच्याकडे राहिलो. माझी पहिली कविता तिनेच ऐकली आणि ‘हे कळत नाही बाप्पा’ म्हणून परतही केली. दारे लावणाऱ्यांची मराठी आणि हिची मराठी एकच होती. मग कुणासाठी कुणाची सोडायची?

अशी माणसे पुष्कळ आहेत. अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक विद्यार्थी म्हणून जपानला गेले, पुढे तिथलेच नागरिक झाले आणि २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर मते मागून निवडून आले. आणि उलट्या दिशेचे उदाहरण आपल्या नागपुरातच आहे. जपानमध्ये जन्मलेले भदन्त सुरेई ससाई साठच्या दशकात भारतात आले आणि नागपूरचे झाले. जपानी वळणाच्या हिंदीत ते बोलत आणि दीक्षाभूमीवर लाखो माणसे ते ऐकत. त्यांचे व्याकरण कुणी तपासले नाही.

भाचीला महिन्याने खोली मिळाली. तिच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने स्वतः घरमालकाला फोन केला. मालक म्हातारे आहेत. त्यांनी तिचे नाव तीनदा विचारून घेतले, कागदावर लिहिले आणि किल्लीबरोबर कचऱ्याचा तक्ता दिला. जळणारा कचरा कोणत्या वारी, बाटल्या कोणत्या वारी, सकाळी किती वाजेपर्यंत, सगळे बोट ठेवून समजावले. पाऊण तास लागला. ती म्हणाली, ‘मामू, मला तो तक्ता पाहून रडू आले. जिला राहायचे असते तिलाच कचऱ्याचा वार सांगतात ना?’

आता तिने मला पन्नाशी उलटल्यावर हिरागाना शिकायला बसवले आहे. रोज पाच अक्षरे गिरवून फोटो पाठवायचा असा हुकूम आहे. परवा दुसरी ओळ झाली. पहिलेच अक्षर ‘का’ होते. वळण चुकले म्हणून बाईंनी वही परत केली आहे. आज पुन्हा गिरवायचे आहे.