तलाक एकच, लेकरांची वयं तीन

(कौंडण्यपूर, ता. तिवसा, जि. अमरावती इथे पालकांसमोर केलेलं भाषण)



मी मौलाना नाही, वकील नाही, मानसोपचारतज्ज्ञही नाही. पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून नोकरी करतो. संयोजकांनी मला ‘तलाकवर बोला’ असं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, तलाकवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी तलाक झालेल्या घरातल्या लेकरांवर बोलतो. कारण मी त्यांच्यातलाच एक आहे.

कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. आषाढीसाठी इथून तिची पालखी पंढरपूरला निघते, ती पाहायला आम्हीही लहानपणी वर्धेच्या काठी यायचो. पण आमच्या घरात ‘माहेर’ या शब्दाचा अर्थ वेगळा होता. इतर पोरं उन्हाळ्यात मामाच्या गावाला जातात आणि जूनमध्ये परत येतात. आम्ही तिघं भावंडं १९९७ साली मामूच्या घरी आलो ते परत गेलोच नाही. अम्मीच्या नावानं तलाकचं पत्र आलं होतं. बाजी तेव्हा तेरा वर्षांची होती, मी आठ वर्षांचा, धाकटा तीन वर्षांचा.

पत्र एकच होतं, पण आम्हा तिघांना ते तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लागलं. आज मला एवढंच सांगायचं आहे.

धाकट्यापासून सुरुवात करतो. तीन वर्षांच्या लेकराला तलाक म्हणजे काय ते कळत नाही. त्याला एवढंच कळतं की रात्री जवळ झोपणारं एक माणूस आता दिसत नाही. एक गेलं तर दुसरंही जाईल. म्हणून तो अम्मीचा पदर सोडेना. ती विहिरीवर गेली तरी रडून आकांत करायचा. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं. नानी त्याला रागवायची, बाया म्हणायच्या लाडावलंय. लाडावलं नव्हतं, भ्यालं होतं. वर्षभरानं तो शांत झाला आणि मामूला अब्बा म्हणू लागला. सगळ्यांना वाटलं, चला, हा सुटला, याला काही आठवत नाही.

त्यानं अब्बांबद्दल विचारलं की आम्ही सांगायचो, ‘अब्बा सौदीला आहेत.’ मीही सांगायचो. अकराव्या वर्षी शाळेत मारामारी झाली, तेव्हा एका पोरानं त्याच्या तोंडावर खरं काय ते सांगितलं. घरी येऊन तो अब्बांवर चिडला नाही, आमच्यावर चिडला. म्हणाला, ‘तुम्हा सगळ्यांना माहीत होतं.’ त्यानंतर कित्येक वर्षं तो आमच्यापैकी कुणाच्याही शब्दावर पटकन विश्वास ठेवत नसे. तलाकनं त्याचं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त आमच्या खोट्यानं केलं असं मला वाटतं.

आता माझं. आठव्या वर्षी मूल हिशेब मांडतं. मी मांडला होता. अब्बांच्या स्कूटरचा आरसा माझ्या हातून फुटला होता, त्यावरून घरात मोठं भांडण झालं होतं. म्हणजे हे माझ्यामुळे झालं. मी नमाजला उभा राहिलो की एकच दुआ मागायचो, की अब्बांनी अम्मीला परत न्यावं, मी आरशाचे पैसे देईन.

दुसरा हिशेब त्याहून वाईट होता. ओसरीवर मोठी माणसं बोलायची, ‘मुलगा सात वर्षांपर्यंत आईकडे, पुढं बापाचा हक्क.’ हनफी फिकहमध्ये हिजानतचा, म्हणजे मूल आईजवळ राहण्याचा तसा नियम सांगितला जातो: मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत, मुलगी वयात येईपर्यंत. मी तर आठ वर्षांचा. म्हणजे मला कधीही नेऊ शकतात. गल्लीत स्कूटरचा आवाज आला की मी कापसाच्या गंजीमागं लपायचो. वर्ष गेलं, दोन गेली, कुणी न्यायला आलं नाही. मग भीती गेली आणि तिच्या जागी दुसरा प्रश्न आला: का आले नाहीत? ‘तुहे बाबा काहून येत नाई रे?’ असं कुणी विचारलं की माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मुलाला एकाच वेळी बाप येईल याची भीती आणि बाप येत नाही याचं दुःख असू शकतं, हे मोठ्यांना कळत नाही.

बाजीचं तिसरं. तेरा वर्षांच्या मुलीपासून काही लपत नाही. अम्मी तिच्याशीच बोलायची, कारण दुसरं होतंच कोण? अब्बांचा प्रत्येक दोष, प्रत्येक शिवी बाजीला पाठ होती. ती अम्मीची मैत्रीण झाली, वकील झाली आणि आमची दुसरी आई झाली. अम्मी कापूस वेचायला जायची, बाजी घर बघायची. सातवीनंतर तिची शाळा सुटली. कुणी सोडवली असं नाही, आपोआप सुटली. घरात सगळे कौतुक करायचे, ‘पोरगी किती समजूतदार!’ समजूतदार नव्हती, तिचं लहानपण संपलं होतं. पुढे स्थळं येऊ लागली तेव्हा ती प्रत्येकाला नकार द्यायची. अम्मीला एकदा म्हणाली, ‘माझ्याही नावानं पत्र आलं तर?’

इंजिनिअरिंगला असताना मी या विषयावर वाचायला लागलो. जुडिथ वॉलरस्टीन आणि जोन केली या दोघींनी १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या घटस्फोटित साठ कुटुंबांतल्या १३१ मुलांचा अभ्यास केला होता. तो वाचताना अंगावर काटा आला. अगदी लहान मुलं मागं जातात, सुटलेल्या सवयी परत येतात. सहा ते आठ वर्षांची मुलं झुरतात, आईबाप परत एक होतील अशी आशा धरून बसतात. नऊ ते बारा वर्षांची रागावतात, एकाची बाजू घेतात. त्यापुढची मुलं वयाआधी मोठी होतात आणि आपल्याही लग्नाचं असंच होईल म्हणून घाबरतात. ती कुटुंबं आपल्यासारखी नव्हती, तिथला काळ वेगळा, पैसा वेगळा. तरी आमचं घर मला त्यात दिसलं.

पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर इथल्या आया रात्री झोपणार नाहीत. मेव्हिस हेदरिंग्टन या संशोधिकेनं अशी मुलं कित्येक वर्षं पाहिली. तिचा निष्कर्ष असा की घटस्फोटित घरांतल्या साधारण चार-पाच मुलांमागे एकाला गंभीर अडचणी येतात, तर इतर घरांत दहात एकाला. धोका वाढतो हे खरं, पण बहुतेक मुलं सावरतात हेही तितकंच खरं. आणि सावरणं कशावर अवलंबून असतं? आईबापाचं भांडण मुलाच्या डोक्यावरून चालू राहतं का, घरात पैसा किती उरतो, आणि जवळ राहणारं माणूस स्वतः किती उभं आहे, यावर. म्हणजे तलाकच्या दिवसापेक्षा त्याच्या नंतरच्या वर्षांवर.

त्या नंतरच्या वर्षांबद्दल आपण बोलतच नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. १९८५ मध्ये शाहबानोचा निकाल आला, त्याच वर्षी तलाकमुक्ती मोर्चा कोल्हापुरातून नागपूरकडे निघाला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला, २०१९ साली त्याचा कायदा झाला. या सगळ्या लढ्याबद्दल मला आदर आहे. त्याशिवाय मी इथं उभा नसतो. पण त्यात बाई होती, नवरा होता, मौलवी होता, सरकार होतं. लेकरू कडेवर होतं. त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं.

दीन काय सांगतो? सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दूधपित्या लेकराची गोष्ट आहे. आईबाप वेगळे झाले तरी खर्चाची जबाबदारी बापाची, आणि मुलाचं निमित्त करून आईला किंवा बापाला छळायचं नाही, असा तिचा आशय आहे. सूरह निसामध्ये फूट पडण्याआधी दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमायला सांगितलंय. आमच्या वेळी मध्यस्थ कुणी आलं नाही. आले ते मेहेर आणि भांडीकुंडी मोजायला.

आणि कायदा? १९८६ च्या कायद्यात मुलाच्या वयाच्या दोन वर्षांपर्यंतच्या खर्चाची तरतूद आहे. त्यावरून पुष्कळांचा समज झाला की दोन वर्षांनंतर बाप मोकळा. पाटणा उच्च न्यायालयानंही एका आईच्या तीन मुलांबाबत तसंच म्हटलं होतं. ती आई, नूर सबा खातून, सर्वोच्च न्यायालयात गेली. निकाल असा लागला की मुलांचा पोटगीचा हक्क स्वतंत्र आहे. सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत, आणि मुलीच्या बाबतीत लग्न होईपर्यंत, ऐपत असलेल्या बापानं तो द्यायलाच हवा. हा निकाल कधीचा? १९९७ चा. ज्या वर्षी आम्ही मामूच्या घरी आलो त्याच वर्षीचा! आम्हाला कुणी सांगितलं नाही. मुलीचा हक्क शाबूत असताना बाजीची शाळा सुटली.

आता ते कलम १२५ राहिलं नाही, नव्या संहितेत १४४ झालंय. ताबा कुणाकडे हे ठरवताना १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याप्रमाणे कोर्ट मुलाचं हित बघतं, आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं म्हणणंही विचारात घेऊ शकतं. सातवं वर्ष लागलं की आपोआप उचलून न्यायचं असं नाही. अमरावतीला आणि अकोल्याला कौटुंबिक न्यायालय आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

एक गोष्ट राहिली. ती सांगायला मला जड जातंय, कारण मामू आज समोर बसले आहेत. त्यांना विचारूनच सांगतो.

चोविसाव्या वर्षी मी अब्बांना शोधून भेटलो. भांडायला गेलो होतो. ते म्हणाले, ‘मी दोनदा आलो होतो. दोन्ही वेळा ईदला. दारातून परत पाठवलं.’ मला खोटं वाटलं. घरी येऊन मामूंना विचारलं. ज्या माणसानं स्वतःच्या पोरांच्या ताटातलं आम्हाला वाढलं, त्यानं मान खाली घातली. म्हणाले, ‘तुम्हाला पुन्हा त्रास नको म्हणून, बेटा.’

अब्बा दोनदा आले, हे खरं. बाकीची वर्षं आले नाहीत, एक रुपया पाठवला नाही, हेही खरं. मामूंनी आम्हाला जगवलं, हे खरं. आणि त्यांनी दार लावलं ते आमच्या भल्यासाठी, पण आम्हाला न विचारता, हेही खरं. मी कुणाला माफ करा किंवा करू नका असं सांगत नाही. एवढंच सांगतो, की कापसाच्या गंजीमागं लपलेल्या त्या पोराला ‘बाप दोनदा आला होता’ एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं, तर त्याची पंधरा वर्षं वेगळी गेली असती. जिथं बाप मारहाण करणारा असेल तिथं दार लावाच. पण तेही मुलाला सांगा.

म्हणून मागणं थोडं आहे. तीन वर्षांच्या लेकराला सांगा, अम्मी कुठं जाणार नाही, आणि रोजची झोपायची-जेवायची वेळ मोडू नका. आठ वर्षांच्याला सांगा, तुझी काही चूक नाही. एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा सांगा. बारा-तेरा वर्षांच्याला साक्षीदार करू नका, निरोप्या करू नका, आणि त्याची शाळा सोडवू नका. मनातलं बोलायला आईनं बहीण शोधावी, शेजारीण शोधावी, मुलगी नाही. कोणत्याही वयाला खोटं सांगू नका. बापांनो, तलाक बायकोला दिलात, लेकरांना दिला नाही. पैसेही पाठवा आणि या पण. आणि जमातच्या बुजुर्गांनो, मेहेर मोजाल तेव्हा त्याच बैठकीत लेकरांची फी आणि भेटीचा दिवसही लिहून घ्या. हे फक्त मुसलमानांना नाही; टाकून दिलेल्या बाया आणि त्यांची लेकरं या गावात प्रत्येक जातीत आहेत.

बाजीनं तिशीत सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली. तिचा निकाह झाला, निकाहनाम्यातल्या अटी तिनं स्वतः वाचून सही केली. धाकट्याला गेल्या वर्षी मुलगी झाली. परवा त्यानं मला फोन करून विचारलं, ‘भाई, तिला अब्बांबद्दल काय सांगायचं?’

मी म्हटलं, खरं सांगू. तिला समजेल तेवढं, पण खरं.