बीजांडकोश आणि स्त्रीची स्मरणशक्ती



बीजांडकोश हे केवळ अपत्यजन्मापुरते इंद्रिय आहे, मुले झाली की त्याचे काम संपले, अशी समजूत खेड्यात आहे, तशीच ती शहरातही आहे. शरीरशास्त्र निराळे सांगते. बीजांडकोशातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचते. नव्या गोष्टी स्मरणात साठविणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग मेंदूत आहे. त्यावर या संप्रेरकाचा परिणाम होतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील कॅथरीन वूली, ब्रूस मॅकएवन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली उंदरांच्या माद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इस्ट्रोजेन वाढले की तेथील पेशींच्या शाखांवरील सूक्ष्म काटे, म्हणजे पेशी जेथे एकमेकींशी जोडल्या जातात ती स्थाने, वाढतात आणि ते उतरले की घटतात. तेही चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्रात!

नैसर्गिक रजोनिवृत्तीत हा स्राव काही वर्षांत हळूहळू ओसरतो. त्या काळात नाव पटकन न आठवणे, झोप मोडणे अशा तक्रारी होतात; बहुतेकींच्या बाबतीत त्या पुढे निवळतात. त्याला वेड लागणे म्हणणे अन्यायाचे आहे. शस्त्रक्रियेने दोन्ही बीजांडकोश काढले असता मात्र हा झरा एका दिवसात आटतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या वॉल्टर रोका प्रभृतींनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, रजोनिवृत्तीपूर्वी अशी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांत उतारवयात बुद्धिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले. वय जितके कमी, तितका धोका मोठा. मग नंतर गोळ्या घेतल्या म्हणजे झाले, असेही नाही. पासष्टी ओलांडलेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र दिल्यास बुद्धिभ्रंशाचा धोका घटत नाही, उलट वाढतो, असे २००३ साली अमेरिकेतच दिसून आले.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या प्रश्नावर २०१९ साली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. मुकादमाची उचल डोक्यावर, एका खाड्याला दंड. अशा स्थितीत पाळीचा त्रास कायमचा मिटविण्याचा सल्ला गोड वाटला तर नवल कसले? खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधनही त्याच वर्षी त्या जिल्ह्यात घालण्यात आले.

गर्भपिशवी काढणे आणि बीजांडकोश काढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बीजांडकोश राखले तर संप्रेरकांचा पुरवठा चालू राहतो. कर्करोग असल्यास किंवा त्याची आनुवंशिक भीती मोठी असल्यास ते काढणे योग्यच. एरवी चाळिशीच्या आतील स्त्रीने, तिच्या पतीने, सोबत गेलेल्या आशाताईने डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: बीजांडकोश काढणार की ठेवणार, आणि काढणार तर कशासाठी? उत्तर संमतीपत्रावर मराठीत लिहून घ्यावे. ते आधीच काढले गेले असतील, तर शस्त्रक्रियेचा कागद घेऊन शासकीय रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके द्यावीत किंवा कसे, हे तेथे तपासून ठरविता येते.