प्रवाशाची सवलत आणि श्रमिकाचा रोजा



रमजानमध्ये ट्युनिस शहरात उतरणाऱ्या परक्या प्रवाशाची दिवसा पहिली अडचण होते ती खाण्यापिण्याची. हबीब बुर्गिबा मार्गावरील बहुतेक कॅफे बंद असतात. काही थोड्यांच्या काचांवर वर्तमानपत्रे चिकटवलेली असतात आणि दार अर्धवट लोटलेले असते. आत शिरावे, तर स्थानिक माणसेच मुकाट्याने कॉफी पीत बसलेली आढळतात. सूर्यास्ताला रस्ते ओस पडतात. अजान होते, घरोघरी खजूर, सूप आणि अंडे घालून तळलेली 'ब्रिक' पानात पडते. आणि थोड्याच वेळात तेच शहर मध्यरात्रीपर्यंत गजबजून जाते.

काचेवरच्या त्या कागदामागे एक इतिहास आहे. 1956 साली ट्युनिशिया स्वतंत्र झाला. त्याच वर्षी नव्या कायद्याने बहुपत्नीत्वाला बंदी घालण्यात आली. या सुधारणांचे शिल्पकार बुर्गिबा यांनी फेब्रुवारी 1960 मध्ये रोज्याचा प्रश्न हाती घेतला. उपवासाने उत्पादन घटते, दारिद्र्याविरुद्धचा लढा हाही जिहादच आहे, आणि लढणाऱ्याला रोजा माफ असतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच दशकात त्यांनी रमजानमध्ये दिवसाढवळ्या, सर्वांसमक्ष संत्र्याच्या रसाचा पेला ओठांना लावला. बहुपत्नीत्वबंदी टिकली, रोजा मात्र सुटला नाही.

असे का झाले? पहिल्या सुधारणेने दुर्बलाला हक्क दिला. दुसरीने श्रमिकाकडे त्यागच मागितला, आणि तोही त्याच्या श्रद्धेचा. गोदीतला हमाल आणि पेढीचा मालक एकाच अजानेची वाट पाहतात, एवढी समता तरी त्या महिन्यात हमालाच्या वाट्याला येते. उत्पादनाच्या नावाने ती सोडण्यास सांगणे सोपे होते. कामाचे तास, मजुरी आणि मालकी बदलणे कठीण होते. आज त्याच देशात रमजानमध्ये सरकारी कचेऱ्यांचे तास कमी केले जातात, हे बोलके आहे.

तथापि, नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. 1 जून 2017 रोजी बिझेर्त येथील न्यायालयाने सार्वजनिक बागेत रमजानमध्ये दिवसा खाल्ल्याबद्दल व धूम्रपान केल्याबद्दल चार तरुणांना एक महिन्याची कैद फर्मावली. उघड्यावर खाण्यास मनाई करणारा स्पष्ट कायदा नव्हता. म्हणून सार्वजनिक असभ्यतेचे कलम लावण्यात आले. 2014 च्या संविधानाने सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य मान्य केलेले असताना हे घडले! त्याच महिन्यात ट्युनिसमध्ये नागरिकांनी निदर्शने केली. 'आमच्यावर सक्ती नको', एवढीच त्यांची मागणी होती.

रोजा सोडा म्हणणारे राज्य आणि रोजा धरा म्हणणारे राज्य, ही एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत. वस्तुतः कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात प्रवासी आणि आजारी यांना सुटलेले रोजे नंतर भरून काढण्याची मुभा आहे. ही मुभा घेणाऱ्याकडे कोणी शिपायाने दाखला मागावा, अशी त्यात अट नाही. हिशेब त्या माणसाचा आणि त्याच्या ईश्वराचा असतो.

प्रवाशावर जो विश्वास धर्माने टाकला, तोच नागरिकावर राज्याने टाकावा. परिवर्तनाच्या कार्यकर्त्याने ट्युनिसपासून घ्यावयाचा बोध हाच आहे: श्रमिकाच्या पोटाचा प्रश्न सोडवावा, त्याच्या उपवासाचा निर्णय त्याच्यावर सोपवावा. मग काचेवरचे कागद आपोआप गळून पडतील.